इंजिन मागे नेलं, आणि मग…

२ ऑक्टोबर १९५९ या दिवशी अमेरिकेतल्या शेवरोलेच्या शोरूम्समध्ये एक नवी गाडी दाखल झाली. नाव कॉर्व्हेअर. तिचं बॉनेट उचललं की आत दिसायची स्टेपनी आणि बॅगा ठेवायला मोकळी जागा. इंजिन कुठे? मागे, जिथे डिकी असायला हवी तिथे! पुढे रेडिएटरची जाळी नव्हती, कारण गाडीत रेडिएटरच नव्हता. सहा सिलिंडरच्या या इंजिनाचा बराचसा भाग ॲल्युमिनियमचा होता, आणि त्याला थंड राहायला पाण्याचा एक थेंबही लागत नव्हता.

ही गाडी कोणा हौशी माणसाने गॅरेजमध्ये जुळवलेली नव्हती, हे आधी लक्षात घ्या. ती जनरल मोटर्सने केली होती. त्या काळी जगातली सगळ्यात मोठी मोटार कंपनी, आणि शेवरोले तिचा सगळ्यात खपाऊ ब्रँड. त्याच वर्षीची शेवरोलेची इम्पाला साडेसतरा फूट लांब होती आणि तिच्या पाठीवर पोलादाचे पंख पसरलेले होते. तिच्या शेजारी पंधरा फुटांची, बसकी, पंखबिंख काही नसलेली कॉर्व्हेअर उभी! कोणी म्हणालं असतं की या दोघी एकाच घरातल्या, तर विश्वास बसला नसता.

हे धाडस करायला कंपनीला भाग पाडलं एका जर्मन किड्याने. फोल्क्सवॅगनची बीटल. १९५८ साली अमेरिकेत मंदी आली, लोक पैसे मोजून खर्च करू लागले आणि परदेशी छोट्या गाड्यांकडे वळले. १९५९ च्या शरद ऋतूत फोर्ड, क्रायस्लर आणि जनरल मोटर्स या तिघांनीही आपापल्या छोट्या गाड्या बाजारात उतरवल्या. फोर्डची फाल्कन आणि क्रायस्लरची व्हॅलियंट या नेहमीच्या मांडणीच्या गाड्या होत्या, फक्त आकाराने लहान. तिसऱ्या कंपनीत मात्र एड कोल नावाचा माणूस बसला होता.

कोल हा शेवरोलेचा प्रमुख. त्याआधी तो तिथलाच मुख्य इंजिनिअर होता, आणि १९५५ चं शेवरोलेचं गाजलेलं व्ही-८ इंजिन त्याच्याच हाताखाली तयार झालेलं. त्याहीआधी, कोरियन युद्धाच्या काळात, तो क्लीव्हलंडच्या रणगाड्यांच्या कारखान्याचा कारभार पाहत होता. तिथे एम-४१ वॉकर बुलडॉग हा हलका रणगाडा बनत असे. आता त्या रणगाड्याचं इंजिन कसं होतं? सहा सिलिंडरचं, हवेने थंड होणारं, सिलिंडर तीन-तीन असे समोरासमोर आडवे झोपलेले, आणि बसवलेलं मागे! कॉर्व्हेअरचं वर्णन पुन्हा वेगळं करायची गरज उरत नाही.

कंपनीत गुप्तता एवढी, की सुरुवातीचं बरंचसं काम जनरल मोटर्सच्या ऑस्ट्रेलियातल्या होल्डन या कंपनीच्या नावाखाली चाललं. वाटावं की तिकडच्याच कुठल्या गाडीची तयारी आहे. नवं इंजिन तपासायला तर चक्क एका पोर्शच्या शरीरात बसवून फिरवण्यात आलं.

पण मुळात इंजिन मागे न्यायचंच कशाला? इथून पुढची गंमत नीट पाहण्यासारखी आहे, कारण या एका निर्णयातून बाकी सगळं एकेक करून उलगडत जातं. चांगलंही आणि वाईटही.

इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, अशी तेव्हाची रीत होती. म्हणजे पुढून मागे ताकद नेणारा लांब प्रोपेलर शाफ्ट गाडीच्या पोटाखालून जाणार, आणि त्याच्यासाठी आत जमिनीला मधोमध उंचवटा येणार. मधे बसणाऱ्या तिसऱ्या माणसाचे गुडघे हनुवटीला. इंजिन मागच्या चाकांपाशीच ठेवलं की शाफ्ट गेला, उंचवटा गेला, जमीन सपाट झाली, छप्पर खाली आणता आलं. पुढच्या चाकांवरचा भार कमी झाल्याने स्टिअरिंग हलकं झालं, त्याला मदतीचं यंत्र लागेना. मागच्या चाकांवर वजन असल्याने बर्फात चाकं जागच्या जागी गरगरत बसेनात. ब्रेक दाबला की कुठल्याही गाडीचं वजन पुढे झुकतं, आणि इथे पुढे मुळात वजन कमी असल्यामुळे चारही ब्रेकना जवळपास सारखं काम मिळू लागलं. एक भाग जागचा हलवला आणि एवढं सगळं पदरात पडलं.

पण मग मागच्या टोकाला वजन कमी ठेवायलाच हवं. म्हणून ॲल्युमिनियम. आणि म्हणून पाणी, रेडिएटर, नळ्या हे सगळं रद्द. हवेने थंड करणं शेवरोलेला अगदीच नवं नव्हतं, पण ती आठवण सुखाची नव्हती. १९२३ मध्ये त्यांनी तांब्याच्या पातळ पट्ट्यांवरून हवा नेऊन थंड होणारी एक गाडी काढली होती. जेमतेम ७५९ तयार झाल्या, आणि गिऱ्हाइकांपर्यंत पोचलेल्याही परत बोलावून घ्याव्या लागल्या. छत्तीस वर्षांनी त्याच कंपनीने तोच विस्तव पुन्हा हातात घेतला!

आता थंड करण्याची युक्ती पाहा. सिलिंडर आडवे झोपलेले, तीन डावीकडे, तीन उजवीकडे. सगळ्यांवर सारखी हवा पडायला हवी तर पंखा कुठे बसवाल? वर, आडवा, इंजिनाच्या बरोबर मधोमध, खाली हवा ढकलणारा. झकास. पण पंखा फिरवणार कोण? ताकद मिळते ती क्रँकशाफ्टच्या टोकाच्या पुलीवर, आणि ती पुली उभी फिरते. उभ्या पुलीवरून आडव्या पंख्याला पट्टा जोडायचा कसा? कॉर्व्हेअरच्या इंजिनिअरांनी दुसरं यंत्र आणलंच नाही. त्यांनी पट्ट्यालाच काटकोनात वळवलं. खालच्या उभ्या पुलीवरून पट्टा वर चढतो, वाटेत दोन पुल्यांवर आडवा होतो, पंख्याला वळसा घालतो आणि परत उभा होऊन खाली उतरतो. मिनिटाला हजारो फेऱ्या, प्रत्येक फेरीत हे वळण. चालत्या इंजिनात ते पाहताना डोळ्यांवर विश्वास बसत नाही. त्या पट्ट्यालाही बहुधा बसत नसावा, कारण तो अधूनमधून तुटायचा किंवा निसटायचा, आणि तो गेला की पंखा गेला. जुने कॉर्व्हेअरवाले गाडीत एक जादा पट्टा आणि पाना बाळगूनच असत.

त्याहून सुरेख युक्ती बाहेरून दिसतच नाही. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, मधे डिफरन्शियल, आणि गिअरबॉक्स त्याच्या पुढे. म्हणजे ताकद इंजिनातून निघून डिफरन्शियल ओलांडून पुढे गिअरबॉक्समध्ये जायला हवी, आणि तिथून मागे फिरून परत डिफरन्शियलमध्ये यायला हवी. जाणारी आणि येणारी, दोन्हींना वाट एकच. मग त्यांनी काय केलं? येणाऱ्या ताकदीचा शाफ्ट पोकळ केला, आणि जाणारीचा त्याच्या पोटातून नेला! आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे या मांडणीत जमावं म्हणून हे इंजिन शेवरोलेच्या इतर इंजिनांच्या उलट दिशेने फिरतं.

त्याच इंजिनाने १९६२ मध्ये आणखी एक करामत केली. मोन्झा स्पायडर या मॉडेलमध्ये त्याला टर्बोचार्जर लावला. धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम वायूंनी एक छोटं चाक फिरवायचं आणि त्या चाकाने इंजिनात जादा हवा कोंबायची, ही कल्पना आज आपल्याकडच्या साध्या डिझेल गाडीतही असते. तेव्हा विक्रीच्या मोटारीत ती जगात फक्त दोनच ठिकाणी मिळत होती. कॉर्व्हेअरमध्ये, आणि काहीच आठवडे आधी आलेल्या ओल्ड्समोबील जेटफायरमध्ये. १९६० साली ८० अश्वशक्ती देणारं इंजिन, किंचित मोठं होऊन आणि टर्बो लावून, १५० वर गेलं.

हे सगळं वाचून गाडीच्या प्रेमात पडायला होतं. मीही पडलो आहे, ते लपवत नाही. पण आता त्याच निर्णयाची दुसरी बाजू.

बाणाला जड टोक पुढे असतं आणि हलकी पिसं मागे, म्हणून तो सरळ जातो. तोच बाण उलटा, पिसं पुढे करून सोडून बघा. तो हवेत गिरकी घेऊन जड टोक पुढे आणू पाहील. कॉर्व्हेअरचं साठ टक्क्यांहून अधिक वजन मागच्या चाकांवर होतं, त्यात इंजिन ठरवल्यापेक्षा जड झालेलं. सरळ रस्त्यावर, सावकाश वळणावर काही बिघडत नाही. पण वेगात, अचानक, जोरात वळलात तर शेपूट बाहेर पडू पाहतं आणि गाडी स्वतःभोवती फिरू लागते.

यात भर पडली मागच्या चाकांच्या जोडणीची. हिला स्विंग ॲक्सल म्हणतात. प्रत्येक चाकाचा शाफ्ट फक्त आतल्या टोकाला, डिफरन्शियलपाशी, वाकू शकतो. बाहेरच्या टोकाला चाक त्याला काटकोनात घट्ट बसवलेलं. स्वस्त, सुटसुटीत, खड्ड्यांत आरामशीर. बीटलमध्येही हीच होती. पण तीव्र वळणावर सगळा जोर बाहेरच्या चाकावर येतो, ते गाडीला खालून उचलू लागतं, आणि गाडीचा मागचा भाग वर गेला की शाफ्ट तिरका होऊन चाक आत दुमडतं. रस्त्यावर टेकलेली टायरची पट्टी अरुंद होते. नेमकी पकड हवी त्या क्षणी पकड सुटते.

मग इंजिनिअरांना हे माहीत नव्हतं का? होतं. पुढच्या चाकांना एक स्टॅबिलायझर बार लावला असता तर बराच फरक पडला असता. वाकवलेला पोलादी गज, बाकी काही नाही. तो पहिल्या मॉडेल्समधून वगळला गेला, गाडीमागे काही डॉलर वाचवण्यासाठी. पुढे जादा पैसे मोजणाऱ्यांना तो मिळू लागला. आणि सगळ्यांसाठी त्याच्या जागी काय दिलं? दोन आकडे. १५ आणि २६.

गाडीच्या माहितीपुस्तकात लिहिलेलं होतं की पुढच्या टायरमध्ये हवा १५ पौंड ठेवा, मागच्या टायरमध्ये २६. हे वाचून मी पहिल्यांदा हसलो होतो, मग थक्क झालो. पुढचे टायर मुद्दाम एवढे मऊ ठेवले की ते वळणावर स्वतःतच मुरडतात, गाडीचं नाक थोडं आळशी होतं, वळायला कुरकुरतं. मागचं शेपूट सुटायच्या आत पुढचं तोंड सैल पडतं, आणि चालक आपोआप वेग कमी करतो. वजनाच्या विषम वाटणीवर हवेच्या विषम वाटणीने केलेला इलाज! भौतिकशास्त्र म्हणून अचूक. माणूस म्हणून? तुमच्या पेट्रोल पंपावरचा हवा भरणारा पोरगा आठवा. तुम्ही खिडकीतून सांगता, तीस. तो चारही चाकांत तीस भरतो. पंधरा म्हटलं तर तो चाक पंक्चर आहे का ते बघायला खाली वाकेल. हजारो मालकांना तर हे दोन आकडे ठाऊकही नव्हते. एका कुटुंबाची सुरक्षितता हवा भरण्याच्या नळीवर लटकत होती.

इथे टाटा मोटर्सची नॅनो आठवल्याशिवाय राहत नाही. तिचंही इंजिन मागे. पन्नास वर्षांनी तोच पेच समोर आला तेव्हा तिच्या इंजिनिअरांनी मालकाच्या स्मरणशक्तीवर काहीच सोपवलं नाही. पुढचे टायर १३५ मिलिमीटर रुंद, मागचे १५५. हवेच्या दाबाऐवजी रुंदीतच फरक, आणि तो कारखान्यातून बसवून आलेला.

शेवरोलेनेही चूक दुरुस्त केली. १९६४ च्या मॉडेलमध्ये पुढे स्टॅबिलायझर बार आला आणि मागे आडवी पाट्याची स्प्रिंग. १९६५ साठी तर सगळी गाडीच नव्याने घडवली, आणि स्विंग ॲक्सल जाऊन त्या जागी कॉर्व्हेट स्टिंग रे या स्पोर्ट्स गाडीच्या धर्तीची मागची जोडणी आली. मोटारीच्या मासिकांनी तिला डोक्यावर घेतलं. माझ्या मते दिसायलाही ती त्या दशकातल्या सर्वांत सुंदर अमेरिकन गाड्यांपैकी एक आहे.

आणि याच टप्प्यावर, गाडी निर्दोष झाल्यावर, तिच्यावर खटला उभा राहिला.

३० नोव्हेंबर १९६५ रोजी राल्फ नेडर या ३१ वर्षांच्या वकिलाचं ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं. पुस्तक साऱ्या मोटार उद्योगाबद्दल होतं, पण पहिलं प्रकरण कॉर्व्हेअरचं. स्विंग ॲक्सल, वगळलेला बार, टायरचे दोन आकडे, सगळं त्यात होतं. शिवाय एक मुद्दा होता जो ऐकून अंगावर काटा येतो. स्टिअरिंगचा ताठ दांडा पार पुढच्या चाकांच्याही पुढे पोचत होता. नाकात तर इंजिन नाही, मोकळी जागा. समोरून धडक बसली की तो दांडा मागे, थेट चालकाच्या छातीकडे.

जनरल मोटर्सने काय करावं? सरळ उत्तर द्यावं. त्यांनी नेडरच्या मागे खासगी गुप्तहेर लावले! त्याच्या ओळखीच्यांना भेटून त्याच्या खासगी आयुष्याबद्दल खोदून विचारलं गेलं. पण नेडर तेव्हा अमेरिकी सिनेटच्या वाहनसुरक्षेवरच्या उपसमितीला मदत करत होता, म्हणजे हेर सिनेटच्या सल्लागाराच्या मागे फिरत होते. बोभाटा झाला. २२ मार्च १९६६ रोजी कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटर अब्राहम रिबिकॉफ यांच्या उपसमितीसमोर उभं राहून जाहीर माफी मागावी लागली. पुस्तकाला याहून मोठी जाहिरात कोणी देऊ शकलं नसतं. त्याच सप्टेंबरात अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वाहनसुरक्षेच्या कायद्यावर सही केली, आणि अमेरिकेत मोटार किती सुरक्षित असावी हे ठरवण्याचा अधिकार पहिल्यांदा सरकारकडे आला. सीट बेल्ट, धडकेत दबून आत जाणारा स्टिअरिंगचा दांडा, एक बिघडला तरी दुसरा चालणारी ब्रेकची दुहेरी व्यवस्था हे सगळं सक्तीचं होत गेलं. नेडरने कंपनीवर खासगीपणाच्या भंगाचा दावा लावला. १९७० मध्ये त्यात ४,२५,००० डॉलरची तडजोड झाली, आणि तो पैसा त्याने ग्राहकांच्या हक्कांच्या कामात घातला. म्हणजे कंपनीवर नजर ठेवण्याचा खर्चही कंपनीनेच दिला.

तर पुस्तकाने गाडी मारली, अशी ही गोष्ट सहसा सांगितली जाते. नीट पाहिलं तर तसं नाही.

तिचा खरा मारेकरी १७ एप्रिल १९६४ रोजीच बाजारात आला होता. फोर्ड मस्टँग. त्यातला विनोद बघा. साध्या कॉर्व्हेअरपेक्षा फाल्कन पहिल्या वर्षी कितीतरी जास्त खपली होती. मग शेवरोलेने कॉर्व्हेअरला स्वतंत्र बकेट सीट्स, थोडी चमक देऊन मोन्झा काढली, आणि तरुण गिऱ्हाइकं तुटून पडली. लवकरच निम्म्याहून अधिक कॉर्व्हेअर या मोन्झाच असत. फोर्डचा ली आयकोका हे पाहत होता. स्वस्त छोट्या गाडीला तरुणाईचा झगा चढवला तर बाजार आहे, हे त्याला कॉर्व्हेअरनेच शिकवलं. त्याने फाल्कनचा सांगाडा घेतला आणि मस्टँग उभी केली. पहिल्याच वर्षात चार लाखांहून अधिक खपली. तिच्यात आडदांड व्ही-८ इंजिन बसत होतं. कॉर्व्हेअरमध्ये? सगळी गाडी एका खास इंजिनाभोवती रचलेली, तिच्या शेपटीत व्ही-८ कोंबणार कुठे? पुन्हा तोच निर्णय. १९६५ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे पुस्तक येण्याच्या सात महिने आधी, कंपनीने आतल्या आत ठरवलं की कॉर्व्हेअरवर आता नवं काम नाही, सरकारी नियमांपुरतं तेवढं करायचं.

तरी ती चार वर्षं तगली. लगेच बंद केली असती तर ते गुन्हा कबूल केल्यासारखं दिसलं असतं, म्हणून ती रेटली, असं अनेकांना वाटतं, आणि मलाही ते पटतं. १९६७ ची मॉडेल्स २७,२५३. १९६९ ची नेमकी ६,०००. ती मिशिगनमधल्या विलो रनच्या कारखान्यात तयार झाली. दुसऱ्या महायुद्धात फोर्डने बी-२४ बॉम्बर विमानं बनवली, ती हीच जागा. शेवटच्या कॉर्व्हेअर तर मुख्य लाइनवरूनही हटवून एका कोपऱ्यात जवळजवळ हातानेच जुळवल्या गेल्या. ती घेणाऱ्याला कंपनी १५० डॉलरचं कूपन देत होती, पुढची शेवरोले घेताना वापरायला. १४ मे १९६९ ला शेवटची गाडी निघाली. दहा वर्षांत अठरा लाखांच्या आसपास झाल्या होत्या.

१९७२ मध्ये अमेरिकी सरकारच्या वाहनसुरक्षा विभागाने १९६० ते १९६३ च्या बदनाम कॉर्व्हेअरच्या चाचण्यांचा अहवाल दिला. फाल्कन, व्हॅलियंट, बीटल, रेनॉ डॉफीन यांच्याशी तुलना करून निष्कर्ष काढला की ताबा सुटण्याच्या बाबतीत ही गाडी त्यांच्यापेक्षा वाईट नाही. चाहत्यांनी जल्लोष केला. पण हे वाक्य दुसऱ्या बाजूनेही वाचता येतं. तिच्याइतक्याच वाईट गाड्यांच्या रांगेत ती वाईट ठरली नाही, हे निर्दोष असण्याचं प्रमाणपत्र म्हणायचं की त्या काळच्या सगळ्याच गाड्यांवरचा ठपका?

गाडी संपली तरी इंजिन संपलं नाही. बर्नार्ड पिटेनपोल नावाचा मिनेसोटातला एक गृहस्थ १९२९ पासून फोर्ड मोटारीच्या इंजिनावर घरगुती विमानं उडवत होता. १९६० च्या दशकात त्याने आपल्या विमानात कॉर्व्हेअरचं इंजिन बसवलं, आणि ते उडालं. हलकं, पाणी नको, सहा सिलिंडर आडवे असल्याने बुटकं, क्रँकशाफ्टला विमानाचा पंखा सरळ जोडता येतो. घरी विमान बांधणारे अमेरिकन हौशी लोक अजूनही ही इंजिनं शोधून काढतात, सोलून स्वच्छ करतात, आणि त्यांतून सगळ्यात आधी तो वरचा आडवा पंखा आणि काटकोनात वळणारा पट्टा काढून टाकतात. विमान पुढे जातं तेव्हा हवा आपोआपच सिलिंडरवर येते.